हाक आली की ओ द्यायची

नदीला गढूळ पाणी चढलं की माझे कान आपोआप पलीकडच्या काठाला लागतात. आता पलीकडून हाक मारायला कुणी उभं राहत नाही. पूल होऊन पुष्कळ वर्षं झाली, बस दिवसातून चार वेळा भीमा ओलांडते आणि आतल्या माणसांना खाली पाणी आहे की वाळू याचाही पत्ता नसतो. सून म्हणते, "आत्या, दारात कामून बसलाव? वारं सुटलंय, आत या की." मी बसूनच राहते. या वयात हट्ट करण्याशिवाय दुसरं काम तरी काय उरतं?

परवा अशीच बसले होते तर नातवाचा फोन आला. तो परदेशात असतो. त्या देशाचं नाव माझ्या तोंडात नीट बसत नाही, म्हणून मी नुसतं 'तिकडं' म्हणते. तिकडं त्यानं एक लहानशी नाव घेतली आहे आणि सुट्टीच्या दिवशी समुद्रात मासे धरायला जातो. एरवी खुशीत बोलतो, परवा मात्र चिडला होता. तिथल्या सरकारनं नावेवरच्या रेडिओचे नियम पुन्हा बदलले म्हणे. जुना संच चालणार नाही. नव्या संचाचा परवाना वेगळा, नावेचा वेगळा, बोलणाऱ्या माणसाचा त्याहून वेगळा, आणि वर रेडिओवर बोलायचं कसं याची परीक्षा.

"आज्जी, चाळिशीला आलो मी, आणि बोलायची परीक्षा देतोय!"

मला हसू आवरेना. म्हटलं, "बाळा, ह्ये दुखणं आपल्या घरात तुज्या पणजोबापासनं हाय." मग हसणं थांबलं आणि मी त्याला एकच गोष्ट विचारली, "दुसऱ्या नावंनं हाक मारली तर ओ द्यायची मुभा हाय न्हवं तुला?"

"मुभा कसली, सक्ती आहे. परीक्षेत पहिला प्रश्न तोच होता."

"मंग दे परीक्षा. कुरकुर करू नगंस," असं म्हणून मी फोन ठेवला. त्याला वाटलं असेल, म्हातारी आज फारच तुटक बोलली. पण माझ्या डोळ्यांपुढं लढाईच्या वर्षांतला तो एक हंगाम उभा राहिला होता.

पणजोबा म्हणजे माझे सासरे, अप्पा. गाणगापूरच्या वरच्या अंगाला भीमेकाठी आमचं गाव, आणि गावच्या घाटावरची नाव अप्पांची. अलीकडचा काठ मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, पलीकडचा इंग्रजी. मधलं पाणी कुणाचं, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. अप्पांना विचारलं तर म्हणायचे, "पानी नावंचं." मृगानंतर नदी भरली की नावेचा हंगाम सुरू व्हायचा आणि दसरा-दिवाळीकडे माणसं गुडघाभर पाण्यातून चालत जाऊ लागली की संपायचा. अप्पांचं सगळं वर्ष त्या चार महिन्यांसाठी असायचं. बाकीचे आठ महिने ते नुसतेच शेती करत.

मी मादन हिप्परग्याची. आमच्या माहेरी पाणी म्हणजे विहिरीतलं, वाकून बघायचं. लग्न होऊन आले आणि पहिल्याच पावसाळ्यात ही एवढी नदी दारापुढं पसरलेली पाहिली तेव्हा रडायला आलं होतं. घरात सासू नव्हती, ती आधीच गेलेली. अप्पांची विधवा बहीण होती, आमच्या आत्याबाई, त्यांना ऐकायला जवळजवळ येतच नसे. आणि आमचे हे, लग्नानंतर आठ महिन्यांनी मुंबईला जाऊन जहाजावर चढले. सोलापुरात मामाकडे राहून शिकले, स्टेशनात तारेचं काम शिकले, तिथून बिनतारीचं. नावाड्याच्या मुलानं जहाजावर जावं यात अप्पांना मोठा मान वाटायचा. "आमचं पानी जरा वाडलं, एवडंच," असं ते लोकांना सांगत.

जाण्याआधी ह्यांनी घाटासाठी एक बॅटरीवरचा रेडिओ आणून दिला. त्याचा परवाना काढला, त्यावर मालक म्हणून अप्पांचं नाव आणि जागा म्हणून 'घाट' असं लिहून घेतलं. मला त्याची खुंटी फिरवायला शिकवलं. आणि म्हणाले, "संध्याकाळी मुंबईच्या मराठी बातम्या लागतात. जहाजावर माझा स्वतःचा लहान संच आहे. जिथपर्यंत ऐकू येईल तिथपर्यंत मी त्याच वेळेला त्याच ऐकत जाईन. पत्र नाही आलं तरी तेवढा वेळ आपण एका जागी आहोत असं समजायचं." सतरा वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं. मला तर आजही पुरेल.

अप्पा पडले नावेवरचे. संध्याकाळी खेप असली की ते घरी कसे थांबणार? त्यांनी संच घोंगडीत गुंडाळला आणि नावेवर नेला. आकाशाची तार वेळूच्या काठीला बांधली आणि जमिनीत पुरायची तार सरळ नदीत सोडली. काय आवाज यायचा! घरी खरखर करणारा तो डबा पाण्यावर गेला की मुंबईचा माणूस शेजारी बसून बोलल्यासारखा बोलायचा. मग मीही पाणी भरायच्या निमित्तानं घाटावर जायची. सुनेनं सासऱ्यापुढं तोंड उघडू नये, आवाज तर चढवूच नये, अशी रीत होती. मी घागर काखेत धरून उभी राहायची, आणि नाव काठापासून दूर जाईपर्यंत जेवढं कानात पडेल तेवढं गोळा करायची.

पलीकडच्या जमादाराला हे कळलं. त्यानं बजावलं, की तुमचा परवाना मोगलाईचा, इंग्रजी पाण्यात डबा वाजता कामा नये. अप्पांनी मुळीच वाद घातला नाही. त्या दिवसापासून नाव मध्यावर आली की ते खुंटी पिळून बातम्या बंद करायचे आणि परतीच्या खेपेला मध्यावर आली की पुन्हा लावायचे. लढाईची बातमी अलीकडच्या काठाला सुरू व्हायची आणि नदीच्या मधोमध तुटायची. पलीकडं उतरणारी माणसं हळहळत. दोघं-तिघं तर पुढचं ऐकायला तशीच परत अलीकडं आली आणि त्यांची शेवटची खेप हुकली. मग अप्पांच्याच घरी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन ओसरीवर झोपली. अप्पा त्यांना गंभीर चेहऱ्यानं सांगत, "राज बदललं की बातमी बदलती, बाबांनो. म्या काय करू?"

घाटावर मोगलाईचा करोडगिरीचा नाका होता, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात घेणारा. तिथले मुन्शीजी रोज बातम्या ऐकायला येत. भला माणूस. महिनाभरात त्यांच्याच हाती नवा हुकूम आला.

"अप्पा, मैं क्या करूं? ऊपरसे आया. नाव पो डब्बा नक्को बोले. कोईबी नाव हो, जहाज हो."

"मंग कुटं चालंल?"

"कागज पो घाट लिखा है ना? घाट पो रखो."

अप्पांनी घाटावरच्या जांभळीखाली एक मेढ रोवली आणि त्यावर संच ठेवला. दोन दिवसांनी नदी चढली आणि मेढीला पाणी लागलं. अप्पांनी संच वर सरकवला. पुन्हा पाणी चढलं, पुन्हा संच वर. असं करत करत तो देवळाच्या कट्ट्यावर आला, तिथून पाटलाच्या गोठ्याजवळ, आणि पाणी आमच्या ओसरीच्या पहिल्या पायरीला टेकलं तेव्हा संच आमच्या ओसरीवर. मुन्शीजी गुडघाभर चिखल तुडवत आले.

"अरे अप्पा, ये तो घर है! कागज पो घर नई लिखा."

"मुन्शीजी, घाट म्हंजी काय? नाव जितं टेकती तितं घाट. ती बगा नाव, माज्या पायरीला बांदलीया. आता ह्यो घाट न्हाई म्हना."

मुन्शीजींनी नावेकडे पाहिलं, पायरीकडे पाहिलं, आणि दाढीत हसले. आपल्या वहीत त्यांनी 'संच घाटावर आहे' असा शेरा मारला आणि बातम्या ऐकून, चहा पिऊनच गेले. त्या आठ दिवसांत मला घागर घेऊन उभं राहावं लागलं नाही. दाराआडून अख्ख्या बातम्या ऐकल्या. पुराला इतकी दुवा दुसऱ्या कुणी दिली नसेल.

मी अप्पांचं हे सगळं हसत हसत सांगते आहे खरं, पण त्यांच्या एका गोष्टीला हसायची माझी टाप नव्हती. ती म्हणजे हाक. पलीकडून कुणी "नाव होऽऽ" म्हणून हाक मारली की अलीकडून लगेच "ओऽऽ, आलोऽऽ" अशी ओ गेली पाहिजे. जेवत असाल तर घास खाली ठेवायचा. अप्पा जवान असताना एकदा जेवत बसले होते. हाक आली. हात धुऊनच ओ द्यावी म्हणून दोन घास जास्त खाल्ले. पलीकडच्या माणसाला वाटलं, अलीकडं कुणीच नाही. घरी बाळंतीण असलेला माणूस तो. उतार असेल म्हणून पाण्यात शिरला. ते अप्पांनी कधी पुरतं सांगितलं नाही. एवढंच म्हणायचे, "नाव उशिरा गेली तर चालतंय. ओ उशिरा जाऊ ने."

म्हणून त्या श्रावणात ह्यांचं पत्र आलं तेव्हा माझी पंचाईत झाली. दीड महिन्यानं आलेलं पत्र. अप्पांना वाचता येत नसे. ते ओसरीवर बसले, मी दाराआडून वाचू लागले. बऱ्याच ओळींवर सरकारनं काळी शाई फासली होती. पण शेवटच्या दोन ओळी कशा कोण जाणे सुटल्या होत्या. 'जहाजावरचे आमचे स्वतःचे संच मोहोर लावून बंद केले आहेत, त्यामुळे संध्याकाळचं ऐकणं आता होत नाही. शत्रूला जहाजाचा पत्ता लागू नये म्हणून, कामावर असताना बिनतारीवर कुणाची हाक कानावर आली तरी उत्तर द्यायचं नाही असा सक्त हुकूम आहे. त्याचा जिवाला फार त्रास होतो.'

म्हणजे आम्ही इकडं रोज ऐकत होतो तेव्हा तिकडं कुणीच ऐकत नव्हतं. आणि अप्पांच्या मुलाला हाक ऐकून गप्प बसावं लागत होतं. हे मी त्यांना कसं वाचून दाखवणार? मी त्या ओळी सोडल्या आणि 'सर्वांना नमस्कार' वाचून कागद मिटला. अप्पा "बरं लिवलंय," म्हणून नावेकडे गेले. मी मात्र त्या दिवसापासून बातम्या नुसत्या कानावर घेत होते. ऐकत नव्हते.

त्यानंतर पत्रच आलं नाही. एक पंधरवडा, दुसरा, तिसरा. बातम्यांत जहाजं बुडाल्याचं सांगत, नाव मात्र सांगत नसत. नाव सांगत नाहीत म्हणून राग यायचा आणि सांगतील म्हणून भीती वाटायची. आत्याबाईंचा मला हेवा वाटे. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

भादव्यात तिसरा हुकूम आला. ज्यांच्याकडे नवा परवाना नाही त्यांचे सगळे संच बंद. नवा परवाना काढायला हैदराबादेला अर्ज, आणि तो अर्ज मालकानं उर्दूतून स्वतःच्या हातानं लिहिलेला हवा. अप्पांना कुठली उर्दू? मुन्शीजी खाली मान घालून आले. मेणबत्तीवर लाख वितळवली, खुंटीवर ओतली आणि शिक्का दाबला. "माफ करना, अप्पा," म्हणाले. अप्पांनी त्यांना चहा दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दिवा लावला आणि बघते तर अप्पा ओसरीवर आणलेल्या त्या मुक्या संचापुढं मांडी घालून बसलेले. पागोटं काढून मांडीवर ठेवलेलं, रोज बातम्यांना बसत तसे. मला राहवलं नाही. दाराआडूनच म्हटलं, "अप्पा, आज लागत न्हाई त्यो."

"डबा लागत न्हाई, माय. येळ तर लागली न्हवं?" ते म्हणाले. "तूबी बस. भाईर ये."

मी बाहेर येऊन खांबाशी बसले. सासऱ्यासमोर बसायची ती माझी पहिलीच वेळ. बातम्या संपायची वेळ झाली. मग ते म्हणाले, "माय, एक इचारू? त्या पत्रात काय हुतं?"

"वाचलं की सगळं."

"न्हाई वाचलंस. पन्नास वर्सं नाव चालवतोय म्या. भवरा आला की नाव कशी वळसा घालून जाती, त्ये मला कळतंय. तूबी एका जागी वळसा घातलास." त्यांचा आवाज अगदी मऊ होता. "त्यो हाय न्हवं? एवडंच सांग."

तेव्हा मी रडले आणि दोन्ही ओळी सांगितल्या. संच बंद असल्याचं ऐकून ते नुसते हुंकारले. दुसरी ओळ ऐकून मात्र त्यांनी पागोटं उचलून डोक्यावर ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं. मला वाटलं, आता रागावतील. म्हणतील, हाक ऐकून गप बसणारा माझा मुलगा नव्हे. ते उठले आणि पायऱ्या उतरून पाण्याशी गेले. पलीकडच्या काठाला चिटपाखरू नव्हतं. त्यांनी हात तोंडाशी धरले आणि छाती फोडून ओ दिली, "ओऽऽ, आलोऽऽ!"

परत आले तेव्हा धाप लागली होती. "त्येला मनाई हाय," ते म्हणाले, "मला न्हाई. त्येच्या वाटची म्या देतो."

त्यानंतर रोज. बातम्यांच्या वेळेला आम्ही दोघं त्या लाख लावलेल्या संचापुढं बसायचो आणि वेळ संपली की अप्पा पाण्याशी जाऊन कुठल्या तरी समुद्रातल्या, कुणी तरी मारलेल्या हाकेला ओ द्यायचे. गावातली माणसं आधी हसली. एक-दोघांनी म्हातारा भ्रमिष्ट झाला असंही म्हटलं. मग एका संध्याकाळी मुन्शीजी शेजारी येऊन उभे राहिले, आणि त्यानंतर कुणी हसलं नाही. मला त्या माणसाचा किती लळा लागला होता हे मला त्या दिवसांत कळलं. वडिलांजवळ जे कधी बोलले नाही ते मी त्या खांबाशी बसून अप्पांजवळ बोलले. त्यांनी मला नदी वाचायला शिकवली. मी त्यांना त्यांचं नाव लिहायला शिकवलं. पाटीवर पहिल्यांदा स्वतःचं नाव उमटलं तेव्हा म्हणाले, "ह्ये तर नावंसारकंच दिसतंय की," आणि दिवसभर पाटी पुसू दिली नाही.

परवा नातवाच्या फोननंतर मी तो संच काढून पुसला. लाख अजून तशीच आहे, अर्धी फुटलेली. मुलं म्हणाली होती, दुरुस्त करून घेऊ. मी करू दिला नाही.

त्या वर्षी आश्विनात नदी उतरू लागली, आणि अप्पा हिवतापानं आडवे झाले. रोज ओ देऊन देऊन घसा बसला होता, त्यात ताप. माजघरात बाज टाकली होती, आणि दुपारी घरात मी आणि आत्याबाईच होतो. नावेवरचे दोघं गडी शेतात भाकरी खायला गेले होते. मी अप्पांच्या कपाळावर पट्टी ठेवत होते.

आणि हाक आली. "नाव होऽऽ!"

अप्पांनी डोळे उघडले. ओठ हलले, पण घशातून नुसता वारा आला. त्यांनी कोपरावर उठायचा प्रयत्न केला, पुन्हा पडले. त्यांच्या डोळ्यांत ते जुनं भय मला स्पष्ट दिसलं, दोन घास जास्त खाल्लेल्या दिवसाचं. पुन्हा हाक आली, आणि या वेळी मी पट्टी टाकून उभी राहिले, कारण तो आवाज मला ओळखू आला होता. दीड वर्ष मी तो फक्त मनात ऐकत होते.

पदर पडला असेल, पायरीवर ठेच लागली असेल, मला काही कळलं नाही. गावातल्या कुठल्याही सुनेनं आजवर केलं नव्हतं ते मी केलं. पाण्यात घोट्यापर्यंत उतरले, हात तोंडाशी धरले, आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडले, "ओऽऽ, आलेऽऽ!"

पलीकडच्या काठावर डोक्यावर पेटी घेतलेला माणूस जागच्या जागी खाली बसला. ते हेच होते. शेताकडून गडी धावत येताना दिसले तेव्हा मी माघारी वळले.

अप्पा उंबऱ्याकडेच बघत होते. मी एवढंच म्हटलं, "अप्पा, हाक आली हुती."

"दिलीस न्हवं?" त्यांनी त्या फाटक्या आवाजात विचारलं.

"व्हय. दिली."

"मंग आता कोन हाय त्ये सांग."